पेडणे, डिचोली आणि स्तंभालेख

२०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७, तर डिचोलीची ९७,९५५ होती. जावामधील जेफ्रीचार्ट वापरून आम्ही हे दोन स्तंभ काढले. उभा अक्ष ७०,००० पासून सुरू केला, तर डिचोलीचा स्तंभ जवळजवळ पाचपट उंच दिसला! खरे प्रमाण सव्वापटीहून किंचित जास्त. पेडण्याच्या पालकांना काय वाटले असते? म्हणून नंबरअॅक्सिसला सेटरेंज देताना खालची मर्यादा शून्यच ठेवावी. रंग सेटसीरीजपेंटने बदलतो. तो हौसेचा भाग. त्रिमितीय स्तंभ मुलांना फार आवडतात, परंतु त्यांचा माथा कोणत्या रेषेला लागतो ते नीट कळत नाही, मागचा स्तंभ पुढच्याआड लपतो. प्रदर्शनासाठी आम्ही द्विमितीय आलेखच स्वीकारू, आकड्यांसह.