जनुकीय चाचणी : औषधाआधीची खबरदारी

कार्बामाझेपिन हे अपस्मार तसेच द्विध्रुवीय मनोविकारावरील प्रचलित औषध आहे. मात्र काही मोजक्या रुग्णांमध्ये त्यामुळे ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ ही त्वचा सोलून काढणारी, प्रसंगी प्राणघातक ठरणारी प्रतिक्रिया उद्भवते. २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी तिचा ‘एचएलए-बी*१५:०२’ या जनुक-प्रकाराशी असलेला संबंध दाखवून दिला. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी पूर्वचाचणीची शिफारस केली.

तैवानमध्येच ४,८७७ रुग्णांची औषधापूर्वी चाचणी करण्यात आली. हा जनुक-प्रकार आढळलेल्या ७.७ टक्के रुग्णांना कार्बामाझेपिन देण्यात आले नाही. पूर्वीच्या प्रमाणानुसार सुमारे १० जणांना बाधा अपेक्षित होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती एकालाही झाली नाही.

येथे अर्थशास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. चाचणीचा खर्च सर्वांवर होतो, तर लाभ थोड्यांनाच मिळतो. म्हणून तिची किफायतशीरता तीन बाबींवर अवलंबून असते : लोकसंख्येतील जनुक-प्रकाराचे प्रमाण, चाचणीचा दर आणि पर्यायी औषधाची किंमत. हे प्रमाण समाजगटागणिक बदलते. त्यामुळे परदेशी आकडेवारीवर विसंबून भारताचे धोरण ठरविता येणार नाही.

या दृष्टीने २०२० मध्ये सुरू झालेला ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प महत्त्वाचा आहे. त्यातील सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तथापि, अशा माहितीवर आधारित चाचणी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचल्याशिवाय तिचा लाभ सामान्य रुग्णाला मिळणार नाही.