पाणी आणि मोकळी हवा

चूल, स्टोव्ह आणि गॅस यांच्यामुळे घरातली कामे होतात. पण क्षणभर दुर्लक्ष झाले, की तीच आग माणसाला भाजते. अशा वेळी डॉक्टर जवळ नसतात. जवळ असतात ती घरातली माणसे. त्यांनी पहिल्या काही मिनिटांत काय केले, याला फार महत्त्व असते.

फक्त वरची त्वचा भाजली, तर ती लाल होते. त्याहून खोल भाजले, तर फोड येतात. फार खोल भाजले, तर त्वचा पांढरी किंवा काळी पडते. तेथे दुखणे कमी जाणवते, कारण मज्जातंतूच जळालेले असतात. म्हणून 'दुखत नाही, म्हणजे काळजी नाही' असे समजू नये.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. वाऱ्याने ज्वाला वाढतात. जमिनीवर आडवे होऊन लोळा.

आग विझली, तरी त्वचेतील उष्णता लगेच जात नाही. ती आत इजा करीत राहते. म्हणून भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये. नंतर स्वच्छ सुती कापडाने जखम सैलसर झाकावी आणि दवाखाना गाठावा.

आगीपेक्षा धूर अनेकदा अधिक घातक ठरतो. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात खालच्या मजल्यावरील रोहित्रातून आग लागली. धूर वर बाल्कनीत शिरला. ५९ माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला.

धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पुरत नाही. गरम धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडावे. ओल्या रुमालाने काजळी थोडी अडते, पण हा वायू अडत नाही. म्हणून रुमालाच्या भरवशावर पुन्हा आत जाऊ नये.

धुरात सापडलेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसवावे. आवाज घोगरा झाला, थुंकी काळी आली किंवा डोके दुखू लागले, तर अंगावर जखम नसली तरी रुग्णालयात न्यावे. श्वासनलिकेची सूज काही तासांनंतरही वाढू शकते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ व अग्निशामक दलासाठी १०१ हे क्रमांक आहेत.

मुलांनो, भाजलेल्याला पाणी आणि गुदमरलेल्याला मोकळी हवा, हे पहिले उपचार आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत. मात्र ते वेळेवर आठवले पाहिजेत.

शब्दार्थ
मज्जातंतू – मेंदूला वेदना कळवणारे तंतू
रोहित्र – विजेचा ट्रान्सफॉर्मर
काजळी – धुराची काळी भुकटी
घोगरा – बसलेला (आवाज)

स्वाध्याय
१. आग विझल्यावरही भाजलेल्या भागावर पाणी का सोडावे?
२. धुरातून रांगत का बाहेर पडावे?
३. तुमच्या घरी भाजल्यावर काय लावतात? ते योग्य आहे का, ते पाच ओळींत लिहा.