सिझेरियनच्या टाक्याजवळची गाठ पाळीतच का ठणकते?

प्रश्न : वय 29. चार वर्षांपूर्वी सिझेरियन झालं. वर्षभरापासून टाक्याच्या टोकाला सुपारीएवढी गाठ आहे, पाळी आली की ठणकते. गोळ्या-इंजेक्शनं झाली, फरक नाही.
– एक वाचक, वारंगा फाटा

उत्तर : दुखण्याची वेळ तुम्ही नेमकी टिपलीत, निम्मं निदान त्यातच आहे. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी कधी पोटाच्या भिंतीत राहून जातात, तिथंच रुजतात आणि पाळीच्या दिवसांत सुजतात, आतल्या आत रक्त झिरपतं. हा व्रणातला एंडोमेट्रिओसिस असावा. तिथं पू नसतो, मग अँटिबायोटिक काय करणार? हर्निया किंवा टाक्याच्या दोऱ्याची गाठही अशीच लागते, म्हणून सोनोग्राफी हवीच. शक्यतो दुखत असतानाच करा. खोली कळायला कधी एमआरआय लागतो.

हार्मोनच्या गोळ्यांनी ठणका दबतो, थांबवल्या की बहुधा परततो. खरा उपाय शस्त्रक्रिया: भोवतीच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागासह गाठ काढायची. स्नायूचं आवरण फार कापावं लागलं तर जाळी बसवतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगाच. कर्करोग फारच विरळ. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. सिझेरियनचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.