मुलांना तारीख मोजायला शिकवू या



मागे एका जानेवारीत आपल्या जानेफळातल्या एका मुलाला कुत्रा चावला. घरच्यांनी जखम साबणाने धुतली, त्याच दिवशी दवाखान्यात नेले, पहिली सुई झाली. केसपेपरवर पुढच्या सुयांसाठी चार आकडे लिहून मिळाले : ०, ३, ७, २८. तो कागद देवाच्या फोटोमागे नीट ठेवला गेला. पुढच्या रविवारी मिस्सानंतरच्या वर्गात त्याची सहावीतली बहीण म्हणाली, "परवा त्याची सुई आहे, तीन तारखेला." आम्ही सहज विचारले, पहिली कधी झाली? ती म्हणाली, मंगळवारी, २७ जानेवारीला.

घोटाळा तेव्हा लक्षात आला. घरच्यांनी ३, ७ आणि २८ हे आकडे तारखा म्हणून वाचले होते. म्हणजे ३ फेब्रुवारी, ७ फेब्रुवारी आणि २८ फेब्रुवारी. प्रत्यक्षात ते दिवस होते. पहिली सुई ज्या दिवशी, तो शून्य दिवस. तिथून तिसरा दिवस ३० जानेवारी, सातवा दिवस ३ फेब्रुवारी आणि अठ्ठाविसावा २४ फेब्रुवारी. तिसऱ्या दिवसाची सुई चुकून दोन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी वडील मुलाला घेऊन गेले. डॉक्टरांनी राहिलेली सुई दिली आणि पुढच्या तारखा, या वेळी महिन्यासकट, लिहून दिल्या. मुलगा आज धडधाकट आहे. पण पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात उठला की त्यावर इलाज उरत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्या रविवारी आम्ही नेहमीचा पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर फेब्रुवारी महिना काढला.

तेव्हापासून वर्गात अधूनमधून दिनदर्शिका वाचण्याचा तास घेतो. त्यात जे दिसले ते पालकांना सांगावे म्हणून हा लेख. पुष्कळशी शिकवणी घरीच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे उभे राहून होणार आहे.

पहिली अडचण आम्हाला वाटली नव्हती तिथे निघाली. शाळेच्या पुस्तकात आणि मोबाईलमध्ये आठवडा आडवा असतो : वर रविवार ते शनिवार, खाली तारखांच्या ओळी. आपल्या घरातल्या कालनिर्णयसारख्या मराठी दिनदर्शिकांत वार डावीकडे उभे लिहिलेले असतात आणि तारखा वरून खाली जातात. मुले सवयीने आडवी वाचतात. १ च्या पुढे ८ पाहून गोंधळतात आणि मधले सहा दिवस कुठे गेले म्हणून विचारतात. शिवाय काही दिनदर्शिकांत महिनाअखेरचे ३० आणि ३१ जागा न उरल्यामुळे पहिल्या रकान्यात वर जाऊन बसतात. एका चिमुरडीने ३१ तारीख महिन्याच्या सुरुवातीला येते असेच धरून ठेवले होते. तेव्हा आधी मुलाचे बोट धरून एक महिना १ पासून अखेरपर्यंत चालवावा. मग त्याच रांगेत पुढे सरकले की सात-सात दिवस वाढतात, हे ते आपणहून सांगते.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातली. आपण 'परवा' म्हणतो तेव्हा तो होऊन गेलेला परवा की येणारा परवा, हे मोठ्यांना संदर्भाने कळते, लहानांना कळत नाही. आणि 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा मनात सातच दिवस असतात. सोमवारी सांगितले तर पुढचा सोमवार. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा. आपले जुने लोक आजचा दिवस धरून मोजत आले आहेत. ही चूक मुळीच नाही, ती एक मोजण्याची रीत आहे आणि फार जुनी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू थोमाला आठ दिवसांनी भेटतो, तो दिवस पुन्हा रविवारच असतो. शुक्रवारी क्रुसावर मरण आणि रविवारी, तिसऱ्या दिवशी, पुनरुत्थान. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना हा हिशेब जुळत नाही. मराठी आजीला तो लगेच जुळतो.

नोव्हेनाही याच रीतीने मोजतो. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव, म्हणून नोव्हेना ३० ऑगस्टला सुरू. ३० आणि ३१ हे दोन दिवस, पुढे १ ते ७ हे सात. नऊ भरले, आठव्या तारखेला सण. दवाखान्याचा कागद मात्र शून्यापासून मोजतो. म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावली आहे : पहिला दिवस धरायचा की सोडायचा? हे विचारल्याशिवाय बोट दिनदर्शिकेवर ठेवायचे नाही.

महिन्यांचे दिवस मुठीवर शिकवावेत. उंचवटा ३१, खळगा ३० आणि फेब्रुवारी वेगळा. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही उंचवट्यावर, एक मूठ संपून दुसरी सुरू होते तिथे. हे आपण सगळे शिकलो, पण त्याचा उपयोग करून घ्यायला फारसे कोणी शिकवले नाही. तो उपयोग शेतकऱ्याच्या मुलाला पटकन पटतो. सोयाबीन २० जूनला पेरले आणि वाण शंभर दिवसांचे आहे, तर काढणी केव्हा? जूनचे उरलेले १०, जुलैचे ३१ मिळून ४१, ऑगस्टचे ३१ मिळून ७२, राहिले २८. म्हणजे २८ सप्टेंबर. हा हिशेब करणाऱ्या पोराला घरचे दुसऱ्या दिवशी मजूर सांगायला पाठवतात, असे एका बापाने आम्हाला हसत सांगितले.

अशीच कामाची दोन-तीन उदाहरणे आम्ही घेतो. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बाळ २० फेब्रुवारीला झाले, तर? फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर ८ दिवस उरले, मार्चचे १३, म्हणजे १३ मार्च. लसीकरणाच्या कार्डावर ६, १० आणि १४ आठवडे असतात. सहा आठवडे म्हणजे दीड महिना असे आपण धरून चालतो. ते ४२ दिवस, आणि वारही तोच येतो ज्या वारी बाळ जन्मले. औषधाच्या पाकिटावर मुदत ०४/२७ अशी लिहिली असेल तर ती ४ तारीख नव्हे. एप्रिल २०२७, त्या महिन्याच्या शेवटापर्यंत.

मोठ्या मुलांना वारांचा हिशेब आवडतो. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले ३६४ बरोबर ५२ आठवडे, उरला एक. म्हणून पुढच्या वर्षी तीच तारीख एक वार पुढे जाते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. २०२३ चा नाताळ सोमवारी, २०२४ चा बुधवारी, २०२५ चा गुरुवारी, २०२६ चा शुक्रवारी. आणखी एक गंमत आहे. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या पाचही तारखांना कोणत्याही वर्षी एकच वार असतो, कारण लागोपाठच्या दोघींत प्रत्येक वेळी ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे. २०२६ मध्ये तो वार शनिवार. हे पाठ असलेली मुलगी दिनदर्शिका न पाहता सांगते की १५ ऑगस्ट २०२६ शनिवारी. आमच्यापैकी एकाला हे अजून जमत नाही.

इथपर्यंत आले की मुले खरा प्रश्न विचारतात. नाताळ २५ डिसेंबरलाच, मग पुनरुत्थानाचा सण दरवर्षी का हलतो? आपल्या जिल्ह्यातच पाहा : सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव १२ जानेवारीला ठरलेला, पण शेगावचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला, तो हलतो. पहिला सूर्याच्या हिशेबाने, दुसरा चंद्राच्या. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणून तिथीचे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येतात. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. असेच चालू राहिले असते तर दिवाळी पावसाळ्यात गेली असती. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. त्यामुळे २०२६ ची दिवाळी पुन्हा नोव्हेंबरात, ८ तारखेला. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या पंचांगात अधिक मास नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. आणि मृग? आजोबांना विचारा, तो ७ किंवा ८ जूनलाच लागतो, कारण पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजतात.

पुनरुत्थान सणात दोन्ही हिशेब आहेत. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. घरच्या दिनदर्शिकेत मुलांनी हे स्वतः शोधावे. २०२६ मध्ये हनुमान जयंतीची पौर्णिमा गुरुवारी, २ एप्रिलला. तिच्या पुढचा रविवार ५ एप्रिल, तोच आपला सण. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमाच २१ मार्चनंतर पडली, म्हणून सण ३१ मार्चला आला. एका चौकस मुलाने २०२५ चे पान आणून आम्हाला अडवले : पौर्णिमा १२ एप्रिल, शनिवार, मग सण १३ ला हवा होता, तो २० ला कसा? पोराचे बरोबर होते. ख्रिस्तसभा आकाशातली पौर्णिमा न पाहता ठरलेल्या कोष्टकातली घेते, आणि कोष्टकात ती १३ एप्रिलला, रविवारीच होती. पौर्णिमा रविवारी आली की सण पुढच्या रविवारी. हे आम्हालाही त्या दिवशी धर्मगुरूंना विचारून यावे लागले.

तिथून मागे मोजले की राखेचा बुधवार मिळतो. ५ एप्रिलच्या ४६ दिवस आधी, १८ फेब्रुवारी. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, मग ४६ कसे? मधले सहा रविवार वजा करा. मुलांनी हे बोटांवर मोजून पाहिले तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

ही दिनदर्शिका दुरुस्त झाली तीही याच सणासाठी. जुन्या ज्युलियन पद्धतीत वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठे धरले जाई. शतकांमागून शतके ती मिनिटे साठली आणि वसंतातला समदिन दहा दिवस मागे सरकला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लावियुस आणि इतर जाणकारांच्या मदतीने ती दुरुस्त केली. १५८२ मध्ये गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला गेला. अविलाची संत तेरेजा नेमकी त्या रात्री स्पेनमध्ये निवर्तली, आणि तिचा सण १५ ऑक्टोबरला आला. तेव्हापासून शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप : २००० होते, १९०० नव्हते, २१०० नसेल. इंग्रजांनी ही पद्धत १७५२ मध्ये घेतली. शिवाजी महाराजांची जन्मतारीख म्हणून आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३० जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च. तिथी, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, दोन्हीकडे एकच.

जन्मतारखेवरून एक सांगायचे राहिले. आम्ही मुलांना घरातल्या सर्वांच्या जन्मतारखा लिहून आणायला सांगितल्या. निम्म्या आजी-आजोबांची तारीख १ जून निघाली. मुले चकित झाली; मोठ्यांना त्यात नवल नाही. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. खरी तारीख अनेकदा पोळ्याच्या आसपास, भर पावसात, दुष्काळाच्या साली अशीच सांगितली जाते. कोणाच्या घरी बाप्तिस्म्याचा जुना दाखला असेल तर तो काढून पाहा. त्यावर जन्मतारीख लिहिलेली असते आणि ती शाळेच्या दाखल्याशी जुळतेच असे नाही.

येत्या रविवारी मिस्सानंतर मुलांनी घरातली एक जुनी दिनदर्शिका घेऊन यावे, २०१५ ची मिळाली तर उत्तम. २०१५ आणि २०२६ चे वार सगळे तारखेला तारीख जुळतात, सण मात्र सगळे जुळत नाहीत. कोणते जुळतात, कोणते नाहीत आणि का, हे शोधायचे आहे. पालकांनीही यावे. दवाखान्याचे, बँकेचे किंवा पीक कर्जाचे तारखा लिहिलेले काही कागद समजत नसतील तर सोबत आणावेत. मुलांसमोर बसून आपण ते दिनदर्शिकेवर मांडून पाहू.