शीलसंवर्धन आणि शाळेविषयीचा आपलेपणा

सहावी ते आठवीच्या वर्गांतील शीलसंवर्धनाचा प्रश्न निघाला की आपल्यासमोर बहुधा सुविचारांचा फळा, परिपाठातील बोधकथा आणि मूल्यशिक्षणाचा तास एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. त्या अनाठायी आहेत असे मुळीच नाही. तथापि तीस वर्षे वर्गांत आणि वर्गांच्या दारांत उभे राहून पाहिल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, मूल प्रथम शाळेचे होते आणि मगच शाळेचे म्हणणे त्याच्या अंगी उतरते. ज्याला आपण येथले आहोत असेच वाटत नाही, त्याला येथल्या नियमांचे अगत्य का वाटावे?

हा विचार आपल्या जिल्ह्यापुरता तपासून पाहू. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुले कोपीवर जातात किंवा आजीआजोबांपाशी मागे राहतात. गळीत हंगाम आटोपून मंडळी परततात ती साधारणपणे फाल्गुन-चैत्रात. दुसरीकडे याच जिल्ह्याच्या उत्तरेस, जेथे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, त्या बागायती पट्ट्यातील शाळांच्या आसपास अशाच टोळ्या येऊन उतरतात. म्हणजे आपल्यापैकी काहींच्या शाळेतून मुले जातात, तर काहींच्या शाळेच्या कुंपणाशी ती येऊन थांबतात.

माझ्या नोकरीच्या आरंभीची एक गोष्ट येथे सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे. सातवीतला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेला. मी काही दिवस गैरहजेरी मांडली आणि पुढे हजेरीपत्रकातून त्याचे नाव कमी केले. पाडव्याच्या आगेमागे तो परत आला. त्याच्या जागेवर दुसरा मुलगा बसला होता. हजेरी घेताना त्याचे नाव आले नाही, तेव्हा तो आपण होऊन उभा राहिला आणि वर्ग हसला. मी रागावलो तो हसणाऱ्यांवर नव्हे, तर ‘इतके दिवस कोठे होतास?’ म्हणून त्याच्यावर. मधल्या सुट्टीत तो दप्तर घेऊन गेला, तो पुन्हा आला नाही. त्या आठवड्याचा आमच्या फळ्यावरील सुविचार बंधुभावाविषयी होता. मुलांनी त्या दिवशी बंधुभाव फळ्यावरून शिकावा की माझ्या वागण्यावरून, याचे उत्तर त्यांनी आपापल्या परीने शोधले असणार.

मोठ्या शिक्षकांनी हे काम कसे केले ते पाहावे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी स्वच्छतेवर व्याख्याने दिली नाहीत. ते स्वतः मुलांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरून ठेवीत. मुलांनाच संकोच वाटून ती हे काम करू लागली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली ठेवली, एकत्र जेवू घातली आणि श्रमाला लावली. दोन्ही ठिकाणी उपदेश थोडा होता आणि सहवास पुष्कळ होता.

आपल्याकडे छात्रालय नसले तरी खालील गोष्टी कोणत्याही द्विशिक्षकी शाळेतही करता येतील.

पहिली गोष्ट नावाची व जागेची. बाहेरगावी गेलेल्या मुलाची जागा वर्गात राखून ठेवावी व हजेरीच्या वेळी त्याची आठवण काढावी. महिन्यातून एकदा वर्गाने त्याला पत्र लिहावे. पत्ता नसेल तर पालकांच्या फोनवर सर्वांनी मिळून बोलावे. लेखनाचा तासही त्यातच साधतो.

दुसरी गोष्ट दाखल्याची. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणून कारखान्याच्या परिसरातील शिक्षकांनी कोप्यांपर्यंत जाऊन मुले बोलावून आणावीत. बाराव्या-तेराव्या वर्षी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी कोपीवर अडकलेली मुलगी एकदा निसटली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होण्यास वेळ लागत नाही. तिला धाकट्यासह शाळेत येऊ देणे हे नियमापेक्षा मोठे कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. परसबाग, ग्रंथपेटी, पिण्याचे पाणी, वाढपाची व्यवस्था ही कामे हुशार मुलांचा मान म्हणून किंवा दांडगटांची शिक्षा म्हणून देऊ नयेत. ती पाळीपाळीने सर्वांकडे यावीत, आणि परतलेल्या मुलाकडे पहिल्याच आठवड्यात एखादे काम सोपवावे. ज्या रोपाला आपण पाणी घातले ते मूल सहसा उपटत नाही.

चौथी गोष्ट ज्ञानाची. परतलेला मुलगा रिकाम्या हाताने आलेला नसतो. गाडीत किती मोळ्या बसतात, टनाचा हिशेब कसा लागतो, बैलाचा खांदा सुजला तर काय करतात, हे त्याला ठाऊक असते. गणिताच्या तासाला त्याला फळ्यापाशी बोलवावे. ज्याला वर्गाने ऐकले, तो वर्गाचे ऐकतो.

पाचवी गोष्ट चुकीची. मारणे व मानसिक छळ हे दोन्ही कायद्याने निषिद्ध आहेतच. शिवाय मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी लपवायला शिकते. ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर दोघांना बसवावे, काय झाले ते दोघांच्या तोंडून ऐकावे आणि भरपाई कशी करावयाची हे मुलांनाच ठरवू द्यावे. यात वेळ जातो, हे खरे. परंतु शीलसंवर्धनाचा खरा तास तोच.

ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली ते गाव आपल्याच जिल्ह्यातील. आपल्या पुष्कळ शाळांत पसायदान म्हटले जाते. जीवाजीवांत मैत्री व्हावी असे त्यातील मागणे आहे. ते म्हणून झाल्यावर वर्गात शिरताना एकदा मोजून पाहावे की, आज कोणाची जागा रिकामी आहे आणि ती का रिकामी आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या वर्गातील कोणती मुले या हंगामात बाहेर गेली आणि ती आज कोठे आहेत?
२. आपल्या गावाच्या शिवारात उतरलेल्या टोळ्यांतील शाळेच्या वयाची मुले किती, आणि त्यांपैकी किती पटावर आहेत?
३. गेल्या महिन्यात ज्या मुलाकडे एकही काम सोपविले गेले नाही, असे मूल आपल्या वर्गात कोण?