हवा भरता येईल तेवढ्याच

जुन्या सायकलींचा नाद असलेल्याला पहिली सायकल शोधावी लागते. पुढच्या आपण होऊन दारात येतात. पुण्यात तर हमखास. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात अजून कुठल्या ना कुठल्या वाड्याच्या जिन्याखाली एखादी रॅले किंवा हर्क्युलस उभी असतेच. वाडा पाडायला निघाला की फोन येतो, ‘आजोबांची सायकल आहे हो, भंगारात द्यायला जीव होत नाही, तुम्ही न्या.’ अशा माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. कुठे थांबायचं, हे मी हळूहळू ठरवत आणलं. तेच इथे मांडतो.

१. मोजायचं ते हवेने.

किती सायकली आहेत, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. महिन्याभरात प्रत्येक सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरून, चेनला तेल देऊन तिला रस्त्यावर एक फेरी मारता येते का, एवढंच मी पाहतो. जुन्या वॉल्व्ह ट्यूबची हवा उभ्या उभ्या उतरते. हवा उतरलेल्या टायरवर सायकलीचं वजन पडून राहिलं की टायर त्याच जागी चिरतो. एखाद्याला हे दहा सायकलींपर्यंत जमेल, मदतीला हात असतील तर पन्नासपर्यंतही. ज्या महिन्यात एखादी सायकल फेरीवाचून राहिली, त्या महिन्यात संग्रह आपल्या आवाक्याबाहेर गेला असं मी धरतो. मग नवी घेणं बंद.

२. पावसाळ्यात सगळं उघड होतं.

उन्हाळ्यात कुठलाही संग्रह देखणा दिसतो. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. रॉड ब्रेकच्या सायकलींची रिम दोन्ही कडांना आत वळवलेली असते, त्या वळणात पोकळी राहते. तिथे ओल शिरली की रिम आतून गंजते, वरचा क्रोम मात्र चकाकत राहतो. तारांच्या मुळाशी तांबूस डाग दिसला तर समजावं की आत काम सुरू झालंय. ब्रुक्सच्या चामडी सीटवर आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसायची, सीट सावलीत वाऱ्यावर ठेवायची. तेलात भिजवायची नाही, चामडं सैल पडून खाली बसतं. डायनॅमोची टोपी, घंटीची स्प्रिंग, पंपाचा वॉशर, सगळ्यांना या चार महिन्यांत हात लागावा लागतो.

म्हणून नवी सायकल घ्यायची की नाही, हे मी ऑगस्टमध्ये ठरवतो. दिवाळीच्या आसपास मन उदार असतं, घरातली रंगरंगोटी झालेली असते, भिंतीला जागा दिसते. ऑगस्टमध्ये माणूस खरं बोलतो.

३. ‘पार्टसाठी राहू दे’ हे वाक्य तपासून घ्यावं.

संग्रह फुगतो तो बहुतेक वेळा या वाक्यामुळे, आणि ते पूर्ण चुकीचंही नाही. नॉटिंगहॅमच्या रॅलेने बॉटम ब्रॅकेटला स्वतःचे वेगळे आटे ठेवले होते, इंचाला 26. बाकीच्या बहुतेक इंग्रजी सायकलींना 24. त्यामुळे रॅलेचा कप झिजला तर बाजारातला दुसरा बसत नाही, जुन्या रॅलेचाच काढावा लागतो. मागच्या चाकातल्या स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबचंही तसंच. हा हब 1902 सालचा शोध, पण पुढे कित्येक दशकं तो बनत राहिला. पुष्कळ हबवर बनल्याचं साल ठोकलेलं असतं. 1951 च्या सायकलीला 1951 चाच हब मिळाला तर त्याचा आनंद काय असतो, हे या नादातल्या माणसालाच कळेल.

तरी इथे हात आवरायला हवा. एका मेकची एकच सायकल सुट्या भागांसाठी ठेवावी, तीही चिमटा वाकलेली किंवा नळी तडकलेली, रस्त्यावर न येणारी. 1943 मध्ये रॅलेने रज-व्हिटवर्थचा सायकलींचा धंदा घेतला. त्यानंतरच्या रज सायकलींना रॅलेचे पुष्कळ भाग चालतात. एवढं माहीत असेल तर दोन सांगाडे ठेवायची गरज उरत नाही. धडधाकट सायकल उसवून दुसरीला भाग लावणं मला पटत नाही. चेनव्हीलवर तीन बंदुका कोरलेली बीएसए आपल्या मूळ मडगार्ड-चेनकव्हरसकट इतकी वर्षं टिकली असेल, तर तिला तसंच राहू द्यावं.

४. कुणाची, कुठली, हे आठवेनासं झालं की थांबावं.

माझ्याकडे प्रत्येक सायकलीचं वहीत एक पान आहे. फ्रेमचा नंबर, कुणाकडून आली, कोण चालवत होतं, काय बदललं, काय मूळचं आहे. शिक्षक ज्या सायकलवरून शाळेत जायचे ती, लग्नानंतर काकूंना नोकरीसाठी घेऊन दिलेली लेडीज सायकल, दुधाच्या किटल्या अडकवून दांडीचा रंग गेलेली. नगरपालिकेचा पितळी बिल्ला अजून फ्रेमला असेल तर त्यावरचं सालही लिहितो. वही न उघडता सायकलीपाशी उभं राहून तिची हकीकत सांगता आली पाहिजे. दोन सायकलींच्या हकिकती एकमेकींत मिसळू लागल्या की त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी जास्त सुखात राहील.

५. घरच्यांची वाट अडवू नये. पॅसेजमधून चालताना कुणाच्या पोटरीला पेडल लागत असेल, तर चर्चा तिथेच संपते.

६. आपला संग्रह कशाचा, हे एका वाक्यात सांगता यावं.

‘जुन्या सायकली’ हे उत्तर पुरेसं नाही. मी बरीच वर्षं विचार करून ठरवलं की आपल्याकडच्या साध्या माणसांनी रोज चालवल्या, त्या माझ्या. त्यामुळे सुंदर इंग्रजी रेसिंग सायकली मी जाणत्यांना देऊन टाकल्या. त्या जगभर सांभाळल्या जातात, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, त्यांना माझी गरज नाही. पण वरळीच्या कारखान्यातली हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला बनलेली हर्क्युलस, 1951 पासून सोनिपतला बनू लागलेली अ‍ॅटलस, या कोण ठेवतं? स्वातंत्र्यानंतर गिरणी कामगार, पोस्टमन, तलाठी यांना ज्यांनी पाय दिले त्या याच. भंगाराच्या काट्यावर सर्वांत आधी त्याच चढतात. परदेशी बनावटीपुढे देशी सायकलीला कमी लेखायची आपल्याकडच्या संग्राहकांची सवय मला मनापासून खटकते. मर्यादा आखली की नाही म्हणणंही सोपं होतं. फोनवर सांगता येतं, ‘ही माझ्याकडे नको, पण अमक्यांना फार उपयोगी पडेल.’

७. देताना संपूर्ण द्यावी.

संग्रह कमी करायचा ठरला की आधी दिवा, घंटी, पंप काढून ठेवायचा मोह होतो, कारण जुन्या बाजारात त्यांनाच किंमत येते. तसं करू नये. ल्यूकसचा दिवा ज्या सायकलीबरोबर आला तिच्याबरोबरच जावा. वहीतलं पान उतरवून द्यावं, कुलपाची किल्ली द्यावी, मूळ रंग झिजलेला असला तरी नव्याने रंग मारून देऊ नये. सोनेरी रेघांची ती झीज पुन्हा आणता येत नाही. सजावटीसाठी भिंतीला टांगायला मागणाऱ्यापेक्षा शनिवारी-रविवारी चालवणाऱ्याला मी कमी पैशांत देतो. दुर्मीळ काही असेल तर ते लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी जावं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं संग्रहालय उभं केलंय. नव्याने या नादाला लागलेल्या प्रत्येकाला मी काही विकत घेण्याआधी तिथे धाडतो. एका माणसाच्या आयुष्यात किती काम मावतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

८. आपल्यानंतरचंही लिहून ठेवावं.

वहीच्या प्रत्येक पानाच्या खाली मी पेन्सिलीने एक नाव लिहितो, ती सायकल पुढे कुणाकडे जावी त्याचं. पेन्सिलीने, कारण माणसांच्या जागा आणि गुडघे बदलतात. ज्यांची नावं लिहिली त्यांना तसं सांगितलंय, मुलालाही वही कुठे असते ते माहीत आहे. ज्या पानाखाली लिहायला नाव सुचत नाही, ती सायकल मी या वर्षीच देऊन टाकायच्या यादीत घालतो. सध्या त्या यादीत एक फिलिप्स आहे, चाकांचा आउट काढलेला, नव्या कॉटर पिना घातलेली. घेणारा स्वतः चालवत घेऊन जाणार असेल, तर पहिलं ओव्हरहॉलिंग माझ्याकडून.