भिंतीवरचे चित्र कागदावर आले

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, गंजाड नावाचे गाव आहे. तिथे जिव्या सोमा मशे नावाचे वारली चित्रकार होऊन गेले. त्यांनी शेतावर मजुरी केली. चित्र काढायला त्यांना कोणत्या शाळेत कुणी शिकवले नव्हते.

त्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात झाला. सात वर्षांचे असताना आई गेली. पोराने बोलणेच टाकले. काही सांगायचे असले, की धुळीत रेघा ओढायचा. तेवढ्यावरून इतरांनी समजून घ्यायचे. असे बरेच दिवस चालले.

आता भिंतीचे ऐका. वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की आतल्या भिंतीवर चौक काढतात. चौक 'लिहितात', असेही म्हणतात. आम्हाला हा शब्द फार आवडला. भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली. तिच्यावर गेरूचा हात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की झाला रंग. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. चौकात पालघट देवी बसते. हे काम सवाशिणींचे. लग्न पार पडले, की चित्राचे काम संपले. मग ते हळूहळू झिजते, पुसते. कोणी काढले, ते नाव कुठेच राहात नाही.

पुरुषाने यात पडायचे नाही, अशी रीत होती. जिव्या पडले! लग्न असो नसो, ते रोज चित्र काढू लागले.

१९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी बिहारात मिथिलेच्या बायकांना त्यांनीच कागद दिले होते. इथेही त्यांनी कागद दिला, आणि जिव्यांचा हात मोकळा सुटला. १९७५ साली मुंबईत प्रदर्शन झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे चित्रे परदेशी गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली.

आमच्या मनात मात्र एक गोष्ट सलते. मिथिलेत सीतादेवींसारख्या बायकांची नावे झाली. इथे पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवणाऱ्या सवाशिणींची नावे कोणाला ठाऊक? यात जिव्यांचा दोष नाही, पण गोष्ट खरी आहे.

त्यांचे चित्र बघाल तर मोठे सोपे वाटते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, की माणसाचे धड. वर एक गोल, ते डोके. हातापायांच्या चार रेघा. पण ही माणसे कधी उगी उभी नसतात. कोणी लावणी करते, कोणी मोळी वाहते. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर गोगलगाईच्या शंखासारखा वळत जातो.

त्यांचे मासेमारीचे जाळे तर बघतच राहावे. बारीक रेघांची शेकडो घरे, एकाला एक लागून. पट्टी नाही, खोडरबर नाही. ज्याने जाळे हातात धरले आहे, त्याला ते चित्र आमच्यापेक्षा चांगले कळेल. पाण्यात पसरलेले जाळे कसे फुगते, तेही त्यात आहे.

१५ मे २०१८ रोजी ते वारले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार झाले. लग्नाच्या चौकाला मात्र सवाशिणीच लागतात.